दोन अर्ज, एकच चतुःसीमा आणि दौंडची वाट

प्रवास करणार : रघुनाथ सीताराम शेलार, वय वर्षे एकावन्न, धंदा अर्जलेखन, राहणार शिरूर, बसण्याचे ठिकाण तहसील कचेरीच्या भिंतीलगत.

सोबत : (१) लक्ष्मण गेनू रणपिसे, वय सत्तरच्या पुढे, रेल्वेतील सेवानिवृत्त पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे), उंबरवाडी येथील बुद्ध विहार समितीचे सचिव. (२) सुलोचना अशोक गायकवाड, अंगणवाडी सेविका, राहणार तेथीलच.

मुदत : पौष महिन्यातील सोमवार, मंगळवार व बुधवार. साल ते, ज्या साली तिसऱ्या पिढीचा मोबाईल येणार म्हणून कंपन्यांची माणसे टॉवरला जागा शोधत खेडोपाडी हिंडू लागली होती.

प्रवासाचे कारण : प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली चूक.

साक्षीदार : वरील दोघे. शिवाय बाजीराव नाना, बागायतदार, राहणार उंबरवाडी, ज्यांच्या जीपमधून दौंडपर्यंत जाणे झाले व ज्यांचा या प्रकरणात स्वतःचा हितसंबंध आहे.

येणेप्रमाणे नोंद केल्यावर हकीकत सांगतो.

माझे काम बसून चालणारे आहे. लोक माझ्याकडे येतात, मी लोकांकडे जात नाही. शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले तरी तीस वर्षांत मी लिहिलेला एकही अर्ज भाषेच्या कारणावरून परत आलेला नाही, हे नमूद करणे भाग आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून वाचकांचा गैरसमज होऊ नये.

उंबरवाडी हे मांडवगण फराट्याहून भीमेच्या अंगाला असलेले लहान गाव. तेथे टॉवर नव्हता. दोन कंपन्यांची या भागात चढाओढ चाललेली होती. प्रकरण अद्याप निकाली निघाले नसल्याने त्यांची नावे न लिहिता त्यांच्या पाट्यांच्या रंगांवरून एकीस हिरवी व दुसरीस जांभळी म्हणतो. जांभळीने शेजारच्या गावात टॉवरचा पाया खणला, आणि चार दिवसांच्या आत हिरवीने उंबरवाडीच्या पंचायतीच्या दारावर कागद चिकटविला, की टॉवरसाठी जागा पाहिजे, इच्छुकांनी अर्ज करावेत. जागा देणाऱ्यास भाडे, आणि वर नव्या वेगवान इंटरनेटची एक जोडणी कायमची विनामूल्य.

अर्ज दोनच आले. एक बाजीराव नानांच्या शेताचा व दुसरा विहाराच्या छपराचा. दोन्ही एकाच दुपारी, माझ्याच टेबलावर लिहिले गेले. शहरातील वाचकांस हे विचित्र वाटेल. आमच्या धंद्यात ती रीत आहे. वादीचा अर्ज सकाळी व प्रतिवादीचा दुपारी एकाच लेखणीने लिहिला जातो, आणि दोघेही एकमेकांच्या समोर चहा घेतात. लिहिणाऱ्यास पक्ष नसतो.

नानांचा अर्ज आधी झाला. त्याची कच्ची प्रत बाजूस होती. आबांचा, म्हणजे रणपिसे यांचा, लिहिताना चतुःसीमेच्या ठिकाणी आलो. चतुःसीमा म्हणजे जागेच्या चारी बाजूंस काय आहे त्याचे वर्णन. आबा त्या वेळी कोणाशी तरी बोलत होते. माझा हात सवयीने चालत राहिला, आणि नानांच्या शेताच्या चारी दिशा विहाराच्या अर्जात उतरल्या.

हिरव्या कंपनीचे साहेब पाहणीस येणार त्या दिवशी आबांनी विहाराचा जिना धुऊन घेतला व सकाळपासून छपरावर खुर्ची टाकून बसले. गाडी गावात आली, नानांच्या शेतात गेली, तेथे मोजमाप झाले आणि ती परस्पर निघून गेली. आबा दिवस मावळेपर्यंत वरच होते.

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई अर्जाची प्रत घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. त्यांनी ती मोठ्याने वाचली. मग म्हणाल्या, "शेलारमामा, आमच्या विहाराच्या पश्चिमेला ओढा कवापासनं वाहायला लागला?"

टेबलाभोवती सात-आठ माणसे होती. मी प्रत हातात घेतली. ओढा नानांच्या शेताच्या पश्चिमेस होता.

"दुरुस्तीचा अर्ज लिहून देतो," मी म्हणालो.

"हितं बसूनच?" त्या म्हणाल्या. "न्हाई. तुम्ही गावात यायचं. छपरावर चढायचं. मग दौंडला त्यांच्या हापिसात आमच्यासंगं यायचं. शनवारी त्यांची यादी पुण्याला जातीय."

तीस वर्षांत एकही चतुःसीमा मी जागेवर जाऊन लिहिलेली नव्हती. कोणी तशी मागणीही केली नव्हती.

सोमवार. उंबरवाडी

मांडवगणपर्यंत एसटी, पुढे उसाच्या मोकळ्या टेम्पोत. दोन्ही बाजूंस ऊस इतका उंच की रस्त्याखेरीज काही दिसत नाही. टेम्पोचालकाने वाटेत अचानक गाडी थांबविली, खाली उतरून एका मैलाच्या दगडावर उभा राहिला, फोन कानास लावून बोलला व परत येऊन बसला. विचारता म्हणाला, "मामा, हितं जांभळीची येती रेंज. पुढं न्हाई."

उंबरवाडीत अशा जागा सर्वांस ठाऊक आहेत. पाराजवळ एक सपाट दगड आहे, त्यावर उभे राहिल्यास हिरवीचा संपर्क मिळतो. शाळेमागील चिंचेखाली जांभळीचा. त्यावरून गावात दगडवाले आणि चिंचवाले असे दोन तट पडलेले आहेत. एका घरात तर सासू दगडवाली व सून चिंचवाली असल्याचे मला आवर्जून सांगण्यात आले. दगडावर संध्याकाळी रांग लागते. शिरूरात माणूस चालता चालता बोलतो, येथे बोलण्यासाठी चालत जातो. बोलणेही थोडक्यात असते. एक रिंग देऊन कापली तर एसटी मिळाली, दोन दिल्या तर घरी पोचलो, तीन म्हणजे उचला.

विहार गावाच्या वरच्या अंगाला आहे. विटांचे साधे बांधकाम, सिमेंटचे छप्पर, आत बुद्धाची मूर्ती व बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात एक कपाट व चार बाके. हीच अभ्यासिका. सुलोचनाबाईंनी कपाट उघडून दाखविले. स्पर्धा परीक्षांची पुस्तके, हात लागून लागून मऊ झालेली.

"वस्तीतल्या नऊ पोरी हितं बसत्यात," त्या म्हणाल्या. "फारम भरायला मला त्यांना दौंडला न्यावं लागतं, तिथल्या इंटरनेटच्या दुकानात. गेल्या साली दोघींची भरतीची तारीख गेली. एसटीच आली न्हाई. हितं जोडणी आली तर काय लागतंय? एक संगणक. तो आम्ही वर्गणी काढून घिऊ."

मी टाचणवहीत लिहून घेतले. नंतर आबांबरोबर छपरावर गेलो. वरून भीमेचे पात्र, पलीकडच्या तालुक्यातील धुरांडे आणि शेजारच्या गावातील जांभळ्या कंपनीचा अर्धा उभा राहिलेला सांगाडा स्पष्ट दिसला. आबांनी खिशातून फोन काढून मला दाखविला. छपरावर हिरवीच्या चार रेघा होत्या.

"खाली नानांच्या रानात एकबी येत न्हाई," आबा म्हणाले. "आता तुम्ही उगवतीला तोंड करा, आन् लिवा."

मी उगवतीस तोंड करून लिहिले. पूर्वेस गावठाण रस्ता. दक्षिणेस सुदाम ओव्हाळ यांचे घर. पश्चिमेस जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत. उत्तरेस मोकळे मैदान, त्यापलीकडे पाण्याची टाकी. चारी दिशा लिहिण्यास चहा होण्याइतका वेळ लागला. त्या दुपारी टेबलावर याहून अधिक वेळ गेला असता असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मुक्काम आबांकडे केला.

मंगळवार. दौंड

सकाळी एसटीची वाट पाहत फाट्यावर उभे असता बाजीराव नानांची जीप आली. मागे पंपाची जळालेली मोटार होती, ती दौंडला नवी गुंडाळी भरून घ्यायची होती. मला पाहून त्यांनी ब्रेक मारला.

"शेलारसाहेब, आमच्या गावात? आन् आम्हाला पत्ता न्हाई?"

"कामानिमित्त आलो होतो."

"बसा. आबा, तुम्ही पुढं बसा. बाई, मोटारीला टेकू नका, ग्रीस लागंल." जीप चालू झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "टावरसाठी चाललाय ना? चला. माझी काय हरकत न्हाई. जागा आमची मोजून झालीय."

"तुमची दोनदा मोजली, नाना," सुलोचनाबाई मागून म्हणाल्या. "एकदा तुमच्या नावानं, एकदा आमच्या."

नाना हसले. "मग त्यात माझी काय चूक? मी शेलारसाहेबाला म्हणलो होतो का, माझा ओढा विहाराला द्या म्हणून?"

आबाही हसले. मी हसलो नाही. बोलण्यात विष नव्हते, हे खरे आहे. नानांचे म्हणणे वस्तुस्थितीस धरूनही होते.

"तुमच्याकडं काय, नाना," आबा म्हणाले, "ऊस हाय, डाळिंब हाय. टावर कशापायी?"

"ऊस काय फोन लावतो का आबा? मुलगा सणसवाडीत कंपनीत हाय. म्हणतो घरी नेट असंल तर सुट्टीत येईन. न्हायतर येत न्हाई." त्यांनी गियर बदलला. "प्रत्येकाला आपापलं कारण असतं."

भीमा ओलांडली. पाण्यात मोटारींचे पाइप सोडलेले होते. पूल संपताच नानांचा फोन वाजू लागला, पाठोपाठ आबांचा, मग सुलोचनाबाईंचा. रात्रभराचे सर्व संदेश एकदम आले. त्यातील बहुतेक कंपन्यांचेच होते.

दौंड हे शिरूरहून वेगळ्या स्वभावाचे गाव आहे. आमच्याकडे वेळ एसटीवरून सांगतात, येथे गाडीवरून. चहाच्या दुकानात एकाने विचारले, "किती वाजले?" तर उत्तर मिळाले, "सोलापूर पॅसेंजर गेली." सर्वांस ते कळले. माणसेही दूरदूरची. हॉटेलात शेजारच्या बाकावर तेलुगू चालली होती, पलीकडे हिंदी.

बाजारपेठेत दोन्ही कंपन्यांची कार्यालये समोरासमोर आहेत. हिरवीने दारात थंड पाण्याचा माठ ठेवला, म्हणून जांभळीने माठ व बाक ठेवला आहे. रस्त्यावर दोघांच्या रंगीत छत्र्या, खाली पोरे सिमकार्डे घेऊन बसलेली. जांभळ्या छत्रीखालच्या तरुणाने माझा हात धरला. "काका, नंबर घ्या, पुढच्या पिढीसाठी तयार. फारम मीच भरतो." मी नको म्हणत असतानाच त्याने माझे नाव लिहिलेही, पण पत्त्याच्या रकान्यात आडनाव व नावाच्या रकान्यात गाव. मी त्याची लेखणी घेऊन दुरुस्ती केली व रकाने कसे भरावेत ते समजावून सांगितले. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसता का हितं? कमिशन निम्मं निम्मं." सुलोचनाबाईंनी मला पुढे ओढले.

हिरव्या कार्यालयात कळले की पाहणी करणारे दुबे साहेब साइटवर गेले आहेत, उद्या दहाला येतील. मुक्काम करावा लागला. सुलोचनाबाईंच्या बहिणीचे यजमान रेल्वेत असल्याने त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. भीमेच्या माशाचे कालवण, ज्वारीची भाकरी, भात आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी होती. पाट मांडताना सुलोचनाबाईंनी विचारले, "शेलारमामा, आमच्यात चालंल ना?"

मी म्हणालो, असा प्रश्न मी विचारत नाही व ऐकूनही घेत नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग जेवल्यावर ताट तुमचं तुम्हीच घासा. आमच्यात पाहुण्यालाबी माफी न्हाई."

मी ताट घासले. आमच्या घरी मी ते कधी केलेले नाही. माशात काटे फार होते, परंतु कालवण उत्तम होते. आबा आणि यजमान पूर्वीच्या सिग्नलच्या तारांविषयी बोलत बसले. आबांचे म्हणणे असे, की तार ओढली की पलीकडे पाते पडायचे, हे डोळ्यांस दिसायचे. हल्लीची रेंज आली कुठून व गेली कुठे ते कोणासच दिसत नाही, म्हणून कंपन्या काहीही सांगतात.

बुधवार. दौंड

दुबे साहेब तरुण होते, उत्तरेकडचे, बोलण्यात नम्र. त्यांनी दोन्ही अर्ज समोर ठेवले. "देखिए, दोनों में चारों बाउंड्री सेम. मी समजलो, एकच जागा, दोन नावं. डुप्लिकेट म्हणून बाजूला ठेवला."

आबांनी नवी चतुःसीमा पुढे केली. साहेबांनी ती वाचली, भिंतीवरच्या नकाशाकडे गेले आणि बोटाने विहाराची जागा शोधली.

"उंची चांगली आहे," ते म्हणाले. "पण शनिवारी लिस्ट जाणार. सामनेवाला टॉवर महिन्यात चालू करणार, आमच्यावर वरून प्रेशर आहे. बंद केलेली फाईल मी अशी उघडू शकत नाही. कागद लागेल. चूक अर्जदाराची नाही, लिहिणाऱ्याची आहे, असं लिहिणाऱ्यानं स्टॅम्पवर दिलं पाहिजे."

"तेच हे लिहिणारे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना मी बहुधा नातेवाईक वाटलो होतो.

येथे माझी अडचण वाचकांनी समजून घ्यावी. असा कागद एकदा स्टॅम्पवर गेला की तो फिरतो. उद्या कोणत्याही प्रकरणात समोरचा पक्ष म्हणेल, शेलारांनी लिहिलेले आहे ना, मग चारी दिशा तपासा. माझ्या टेबलाचे चालणे माझ्या अक्षरावरील विश्वासावर आहे. मी बाहेर येऊन माठातले पाणी प्यालो. आबा माझ्यामागे आले. शेजारी उभे राहिले. पाहणीच्या दिवशी छपरावर खुर्ची टाकून ते किती वेळ बसले होते, हे मी त्यांना आतापर्यंत विचारलेले नव्हते. विचारले.

"सकाळी आठला चढलो," ते म्हणाले. "जेवणबी वरच मागवलं. म्हणलं, साहेब आला आन् आपण खाली असलो तर?"

मी स्टॅम्प घेतला.

लिहिणार व लिहून देणार एकच असू नये, हा आमच्या धंद्याचा नियम मी नेहमी पाळलेला आहे. म्हणून दौंडच्या तहसील कचेरीजवळच्या झाडाखाली बसणारे अर्जलेखक मुलाणीचाचा यांच्याकडे गेलो. आयुष्यात प्रथमच मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूस बसलो. खुर्चीचा एक पाय आखूड होता.

"शिरूरचे शेलार?" चाचा चष्मा वर करून म्हणाले. "नाव ऐकून हाय. तुमचं अक्षर छापल्यासारखं असतं म्हणत्यात. आज गिऱ्हाईक होऊन?"

मी हकीकत सांगितली. ते लिहू लागले. माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्यांचे कागदावर पुरे होत होते. मलाही तीच सवय आहे, पण ते समोरून कसे वाटते हे ठाऊक नव्हते. मग त्यांनी वाचून दाखविले: "...सदर चतुःसीमा नजरचुकीने लिहिली गेली..."

"थांबा चाचा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नजर गेलीच नव्हती. जागा बघितलीच नव्हती ह्यांनी. मग नजरेची चूक कशी?"

चाचा म्हणाले, "बाई, असंच लिवत्यात. सगळ्या कागदात असंच असतं."

"व्हय, सगळ्यात असतं. पण साहेब म्हणंल, नजरचूक काय, कुणाचीबी व्हती, अर्जदाराचीबी असंल. आमची नव्हती ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिले. नजरचुकीने हा शब्द मी स्वतः शेकडो कागदांत वापरला आहे. तो वापरल्याने कोणाचेच वाईट होत नाही, अशी माझी समजूत होती. त्यात ज्याच्या हातून चूक झाली तो सुटतो, आणि ज्याची झाली नाही तोही थोडा अडकून राहतो, हे झाडाखाली बसल्यावर दिसले.

"खोडा," मी म्हणालो. "लिहा, जागा न पाहता व अर्जदारास न विचारता, लिहून देणाऱ्याने दुसऱ्या अर्जावरून उतरविली. अर्जदारांचा यात काहीही दोष नाही."

चाचांनी खोडले, खोडल्याजागी माझी सही घेतली. मग हळूच म्हणाले, "शेलार, एवढं कुणी लिहून देत न्हाई." मी म्हणालो, दिले आहे.

सह्या झाल्या. आबांनी सही करताना पॉइंट्समन असे पुढे लिहिले, ते राहू दिले. दुबे साहेबांनी कागद फाईलला लावून पोच दिली. शनिवारपूर्वी येऊन छप्पर पाहाल काय, असे विचारता म्हणाले, "कोशिश करेंगे. वचन नाही देत." त्यांचे तोंड खरे बोलणाऱ्याचे होते.

दुसऱ्या पक्षास प्रत दिल्याशिवाय मी कागद पुरा मानत नाही. मोटार नेण्यास पुन्हा दौंडला आलेले नाना संध्याकाळी परत निघाले तेव्हा त्यांच्याच जीपमधून आलो, आणि फाट्यावर उतरताना प्रत त्यांच्या हाती ठेवली. त्यांनी दिव्याच्या उजेडात ती वाचली.

"शेलार," ते म्हणाले. साहेब म्हणाले नाहीत. "माझंबी तुम्हीच लिवलंत, त्यांचंबी तुम्हीच. आता माझं मोडताय."

"तुमचे मोडत नाही. त्यांचे त्यांना देतो आहे."

"पोच देणार न्हाई मी."

"देऊ नका."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. जीप चालू केल्यावर काचेतून म्हणाले, "पण वाचलं, असं सांगा कुणी विचारलं तर."

पुढील हकीकत व विनंती

तो शनिवार गेला. त्यानंतर आणखी बरेच शनिवार गेले. जांभळ्या कंपनीचा टॉवर शेजारच्या गावात चालू झाला असून उंबरवाडीच्या चिंचेखाली आता गर्दी होते. हिरव्या कंपनीने नानांच्या शेतातही काही उभे केले नाही व विहाराकडेही कोणी आले नाही. दुबे साहेबांची बदली झाल्याचे कळते. फोन केल्यास कार्यालयातून, कळवू, असे सांगण्यात येते. सुलोचनाबाई अजून मुलींना घेऊन एसटीने दौंडला जातात.

माझ्या टेबलावर या प्रवासानंतर काही लोक येईनासे झाले, काही नवे आले. नवे आले ते, जागेवर चला, म्हणतात. मी जातो.

सबब संबंधित कंपनीच्या वरिष्ठांस नम्र विनंती, की दौंड कार्यालयातील फाईल काढून माझा स्टॅम्पवरील जबाब वाचावा, व उंबरवाडी विहाराच्या जागेबाबत काय ठरले ते लेखी कळवावे. उत्तर मला पाठवू नये, मी यात चूक करणारा पक्ष आहे. ते श्रीमती सुलोचना गायकवाड, अंगणवाडी, उंबरवाडी यांच्या नावे पाठवावे. उत्तर नकाराचे असल्यास आमची तक्रार राहणार नाही. मात्र तो नकार कोणी तरी जिना चढून, छपरावर उभे राहून, चारी दिशांना पाहिल्यानंतरचा असावा, एवढीच मागणी आहे.

कळावे.

रघुनाथ सीताराम शेलार
अर्जलेखक, शिरूर